भिंतीपलीकडचा नळ

१९८८च्या पावसाळ्यात पूर्व दिल्लीत कॉलरा पसरला. मयूर विहारमधल्या सरलाच्या सोसायटीत बोअरवेल होती. तिचा एक नळ भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीतल्या झुग्ग्यांसाठी बाहेर काढलेला होता. सोसायटीने पाणी द्यायचं आणि झुग्गीवाल्यांनी बोअरजवळचा नाला साफ ठेवायचा, असं तोंडीच ठरलेलं होतं आणि दोन्ही बाजू ते पाळत होत्या.

मग पलीकडे माणसं दगावू लागली. सेक्रेटरी भाऊसाहेबांनी मीटिंग बोलावली.

"आपल्याही घरात मुलं आहेत. त्यांचे हात आता आपल्या नळाला नकोत."

सगळ्यांबरोबर सरलानेही हात वर केला. तिची वृंदा पाच वर्षांची होती आणि नवरा विश्वास ऑफिसच्या टूरवर भोपाळला गेला होता. घरात ती एकटीच होती, आणि धास्तावलेली.

नळ बंद झाला, तसे नाला साफ करायला येणारेही थांबले. आठवडाभर पाऊस लागून राहिला. एका सकाळी वृंदाला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत पोरीचे डोळे आत गेले आणि ओठ सुकून पांढरे पडले. सरलाने तिला चादरीत गुंडाळलं आणि ऑटो गाठली. "कुठे निघालात?" शेजारणीने विचारलं. "माहेरी," सरलाने खोटंच सांगितलं.

हॉस्पिटलात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. वृंदाच्या पायाशी झुग्गीतल्या रामरतीचा मुलगा होता.

"हम तो हैंडपंप का गंदा पानी पी रहे हैं, दीदी," रामरती दबक्या आवाजात म्हणाली. "आपकी गुड़िया को कैसे हुआ?"

सरलाला बंद पडलेली नाल्याची सफाई आठवली. सलाईन लागलेल्या वृंदाला रामरतीच्या भरवशावर सोडून ती तडक सोसायटीत आली. नाला तुंबला होता आणि काळं पाणी बोअरच्या तोंडावरून वाहत होतं. वरच्या मजल्यांवर लोक तेच पाणी भरत होते.

"भाऊसाहेब, पंप बंद करा. वृंदाला कॉलरा झालाय."

"हळू बोला! कळलं तर तुमच्या दारात कोणी फिरकणार नाही."

"नका फिरकू. पण ते पाणी पिऊ नका!" ती जिन्यातून ओरडत सुटली. दारं धडाधड बंद झाली.

नाल्यात उतरायला सोसायटीतलं कोणी तयार होईना. झुग्गीतले पुरुष म्हणाले, "पहले हमारा पानी." तोंडाला रुमाल बांधून भाऊसाहेब त्यांच्याशी बोलले. पंप बंद करून बोअर दुरुस्त होईपर्यंत येणाऱ्या पाण्याच्या टँकरमध्ये दोन्ही बाजूंचा वाटा ठरला, तेव्हा फावडी आली. सरलाही नाल्यात उतरली.

वृंदा वाचली. रामरतीचा मुलगा गेला.

टँकरच्या रांगेत दोघी समोरासमोर आल्या.

"गुड़िया कैसी है?" रामरतीने विचारलं.

"ठीक है," एवढंच सरलाच्या तोंडून निघालं. घरी जाऊन तिने उकळलेलं पाणी पुन्हा उकळायला ठेवलं.