वळणावरची किंचाळी

धान्याच्या कोठारापाशी ट्रामचा रूळ काटकोनात वळतो. त्या सकाळी त्या वळणावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुकानदार गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडून आले होते. न्हाव्याच्या खुर्चीतले एक गृहस्थ अर्धी दाढी तशीच घेऊन धावत आले होते. वरच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या. आणि दोन रुळांच्या मधोमध, डोळे मिटून, एक हात आभाळाकडे करून वळणबुवा उभे होते.

मी त्या घोड्याच्या ट्रामचा कंडक्टर. तिकिटांची पिशवी सावरत मागच्या पायरीवर उभा होतो.

"गाडी घेऊ का पुढे, बुवा?" पुढून गाडीवानाने विचारलं.

"थांब! ती अजून जागी आहे!"

ती म्हणजे वळणातली बाधा. या वळणावर गाडी पहिल्यापासूनच किंचाळायची. एखाद्याचा गळा दाबावा तसा आवाज यायचा, आणि कधीकधी चाक रुळावरून उतरायचं. आम्ही खांदे लावून ते परत चढवायचो, चार शिव्या द्यायचो आणि पुढे जायचो. मग महिन्यापूर्वी हे बुवा आले आणि म्हणाले, की रूळ टाकताना इथे कुणाची तरी झोपमोड झाली आहे.

"सरळ आहे तोवर ते लोखंड!" बुवा गरजले. "वाकलं, की ते कर्म! सरळ जाणाऱ्याला कोण अडवतं? वळणाऱ्याला विचारा!"

"वा!" गर्दी म्हणाली. याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही. पण अर्ध्या दाढीचे गृहस्थ डोळे पुसत होते.

मग बुवांनी झोळीतून बाटली काढली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत वळणाच्या रुळांवर मंतरलेलं तेल सोडलं आणि टाळी वाजवली. घोडा निघाला. आणि गाडी, खरं सांगतो, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. चूं नाही की चां नाही. लोकांनी टोप्या उडवल्या.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण बुवांना पुढचा साक्षात्कार झाला. बाधा वळणातून निघाली होती म्हणे, पण जाता जाता एका घोडीत शिरली होती. घोडी कुठली, तर जिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे ती.

म्हणजे आमची ठिपकी. तबेल्यातली सगळ्यांत तरतरीत, सगळ्यांत गुणी घोडी. आणि आश्चर्य असं, की बुवा म्हणाले तसंच घडू लागलं. बुवा आता दिवसभर वळणावरच असायचे. बाकीच्या घोड्यांपुढे ते तेल सोडायचे आणि गाडी सुखरूप जायची. ठिपकीची गाडी आली, की बुवा दोन पावलं मागे सरायचे, दुसऱ्या पिशवीतला अंगारा रुळांवर फेकायचे, आणि गाडी अशी किंचाळायची की लहान मुलं आईच्या कुशीत शिरायची. आठवड्यात तीनदा चाक उतरलं. तिसऱ्यांदा एका आजीबाईंच्या टोपलीतली सगळी अंडी फुटली. त्यानंतर ठिपकी दिसली की लोक गाडीत चढेनात.

"तिला माझ्या स्वाधीन करा," बुवा म्हणाले. "साजासकट. बाधा माझ्या दारात बांधून ठेवीन."

आमचे व्यवस्थापक साहेब मूर्ख नव्हते, पण त्रासले होते. त्यांनी शनिवारी घोडी द्यायचं कबूल केलं.

ठिपकीचा गाडीवान म्हणजे लगाममामा. नऊ वर्षं दोघांची जोडी. शुक्रवारी मी तबेल्यात गेलो तर मामा तिचे खूर साफ करत होते.

"बुवांना सांगशील का रे," मान वर न करता ते म्हणाले, "बादली हिच्या डावीकडे ठेवायची. उजवीकडे ठेवली तर पाणी पीत नाही. तहानेने मरेल, पण पिणार नाही."

मी हो म्हणालो आणि तिथून पळ काढला. नोकरी टिकावी म्हणून मीही बुवांपुढे दोनदा वाकलो होतो, ते आठवून तोंड कडू झालं.

घरी माझी थोरली बहीण मुलींच्या वह्या तपासत बसली होती. अक्का शाळेत गणित शिकवते. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं आणि अजूनही सातवीतलाच समजते. मी ठिपकीची गोष्ट सांगितली. तिने पेन्सिल ठेवली आणि पर्समधून दोन रुमाल काढले.

"हात लाव."

एक रुमाल तेलकट होता. दुसऱ्यावर भुरकट पूड होती. बोटांत चोळली तर करकरली.

"आज दोनदा वळणावर उतरले," अक्का म्हणाली. "दुसऱ्या घोड्याची गाडी गेल्यावर रुळाच्या खाचेतून हा पहिला रुमाल फिरवला. ठिपकीची गाडी गेल्यावर हा दुसरा. अंगारा म्हणे! वर चिमूटभर राख आणि खाली बारीक वाळू."

"म्हणजे घोडी पाहून..."

"घोडी नाही रे. ठिपका पाहून." ती हसली. तिचं ते हसणं मी ओळखतो. शाळेत ते पाहिलं की मुली घरचा अभ्यास शोधू लागतात. "तुमच्याकडे तशाच रंगाची दुसरी घोडी आहे का?"

होती. तिचं नाव पेंगुळी. उभ्या उभ्या झोपायची, म्हणून.

अक्का तडक साहेबांकडे गेली. वाद घातला नाही, व्याख्यान दिलं नाही. फक्त म्हणाली, "घोडी द्यायच्या आधी गाडीत बसून वळणावर या आणि दोन गाड्या जाताना बघा. मधे एक अक्षर बोलू नका." साहेबांना ते जमण्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी तबेल्यात मामांनी दिव्याची काजळी तेलात कालवून ठिपकीच्या कपाळावर थापली. पांढरा ठिपका गायब! मी खडू ओला करून पेंगुळीच्या कपाळावर तसाच ठिपका काढला. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

वळणावर गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. पहिली गाडी ठिपकीची. लगाम दुसऱ्या गाडीवानाच्या हातात, कारण मामा दिसले असते तर बिंग फुटलं असतं. बुवांनी घोडीकडे पाहिलं. नजर कपाळावर गेली, आणि चेहरा उजळला.

"हा जीव निर्मळ आहे! येऊ द्या!"

बाटली निघाली, तेल सांडलं, टाळी वाजली. ठिपकीने गाडी अलगद वळवून नेली. आत साहेब बसले होते. हसू लपवायला त्यांनी खिशातून रुमाल काढून मिशी झाकली.

दुसरी गाडी पेंगुळीची, आणि पुढे लगाममामा. बुवा चार पावलं मागे उडाले. "आली! आली! डोळे बघा तिचे, निखारे आहेत निखारे!" पेंगुळीचे डोळे मिटलेले होते. बुवांनी पिशवीत हात घातला आणि दोन्ही रुळांवर मुठी रिकाम्या केल्या. गाडी वळणात शिरली. अशी किंचाळली की कोठारावरची कबुतरं उडाली. पुढचं चाक खाचेतून वर चढलं आणि गाडी अडकली.

"पाहिलंत?" बुवांनी दोन्ही हात पसरले. "अजून पुरावा हवा?"

"हवा," गर्दीतून अक्का म्हणाली, आणि ओलं फडकं घेऊन पुढे झाली. तिने पेंगुळीचं कपाळ पुसलं. ठिपका फडक्यावर आला. मग ती वळणापलीकडे थांबलेल्या पहिल्या गाडीच्या घोडीकडे गेली आणि तिचंही कपाळ पुसलं. काजळी निघाली, खालून ठिपका निघाला.

वरच्या खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं.

बुवा मात्र कसलेले गडी. "बाधेने उडी मारली!" ते ओरडले. "या घोडीतून त्या घोडीत गेली!"

"खडू लावून?" अक्काने विचारलं.

मग जो हशा पिकला तो थांबेना. दोन हमाल बाह्या सरसावून पुढे आले तेव्हा अक्का आडवी आली. "हात लावायचा नाही कुणी. त्यांनी एकदा फसवलं, आपण महिनाभर फसत होतो. त्यांच्या पिशव्या तेवढ्या उघडा." पिशव्या उघडल्या. वाळूच होती. नदीकाठची, चाळलेली.

"पण बाई," कोठाराचे शेठ म्हणाले. ते देहाने दोन माणसांएवढे होते आणि बुवांचे पहिले भक्त. "बुवा यायच्या आधीही गाडी किंचाळतच होती की! त्याचं काय?"

"आता कसा प्रश्न विचारलात!" अक्का खूश झाली. "एक बांबू आणा. शेठ, तुम्ही एक टोक घट्ट धरा. बुवा, तुम्ही दुसरं. शेठ आतल्या रुळावर, बुवा बाहेरच्या. बांबू आडवा. आता एकाच वेळी, सारख्या मापाची पावलं टाकत चाला. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही."

सरळ रुळावर दोघं ऐटीत चालले. वळण आलं आणि गंमत सुरू झाली. बांबू तिरका झाला. शेठ पुढे जाऊ लागले, बुवा मागे पडू लागले.

"बांबू सरळ ठेवा!"

"मग मला पळावं लागेल!" बुवा धापा टाकत म्हणाले.

"का बरं?"

"माझा रस्ता लांब आहे ना, बाई!" बोलून गेले आणि जीभ चावली.

"शाबास. बाहेरच्याचा रस्ता लांब, आतल्याचा आखूड. गाडीची दोन चाकं एकाच कण्याला घट्ट बसवलेली असतात. एक जितकं फिरेल तितकंच दुसरं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जायचं असतं, आतलं जाऊ देत नाही. मग चाक घसटत जातं. ते घसटणं म्हणजे ही किंचाळी. तेल टाकलं की घसरणं सोपं, वाळू टाकली की अवघड. बाधा आहे ती कण्यात, आणि तिच्यावर उतारा मिस्त्रींकडे आहे."

आमचे मिस्त्री डोकं खाजवत पुढे आले. "म्हणजे एका बाजूचं चाक कण्यावर मोकळं सोडलं तर? निसटू नये म्हणून बाहेरून कडं घालता येईल."

"घालून बघा," साहेब म्हणाले. सकाळपासून दाबून ठेवलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

बुवांना शिक्षा मामांनी दिली. हातात काडी देऊन वळणाच्या खाचेतली वाळू कणाकणाने काढायला लावली. संध्याकाळी बुवा गावाबाहेर गेले, ते सरळ रस्त्याने.

मिस्त्रींना बारा दिवस लागले. पहिल्यांदा कडं तुटलं, दुसऱ्यांदा चाक डगमगलं. तेराव्या दिवशी मामांनी ठिपकी जोडली. रुळांवर ना तेल, ना मंत्र. वळणावर लोक श्वास रोखून उभे होते. आतलं चाक हळू फिरलं, बाहेरचं जलद, आणि गाडी कुरकुरत, पण न किंचाळता, वळून गेली. मामांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. वाकून ठिपकीची पाठ थोपटली आणि पुढच्या थांब्याची घंटा वाजवली.

मी शिकलेला माणूस नाही. तिकिटं फाडतो. पण त्या वळणावरून रोज सोळा वेळा जातो म्हणून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. फक्त मग म्हणा, "आता पुन्हा एकदा दाखवा, आणि या वेळी पिशवी आमच्या हातात द्या." एखादी गोष्ट कळली नाही तर "नाही कळली" म्हणण्यात लाज नाही, जाणत्याला विचारा, स्वतः करून बघा. आपण हात जोडून उभे राहिलो आणि विचारायचं राहून गेलं, म्हणून एक निरपराध घोडी भलत्याच्या दारात बांधली जाणार होती. घोडीला बोलता येत नाही. आपल्याला येतं.