खाली लिहायला जागा नाही

आभा दुपारी माझ्या डाव्या हातावर झोपते. हात काढला की उठते. त्यामुळे गेल्या दिवाळीपासून मी जे काही लिहिलंय, ते सगळं उजव्या अंगठ्यानं, फोनवर, श्वाससुद्धा बेतानं घेत. ब्लॉगचं नाव ‘आभाची दुपार’. खरं तर दुपार माझी, पण नाव तिचं दिलं की घरात कुणी काही म्हणत नाही.

वाचणारे मूठभर. त्यातले खाली प्रतिक्रिया लिहिणारे फक्त तिघं, पण तिघं मिळून गावजेवणाइतका गलबला करायचे.

पहिल्या माझ्या नणंदबाई, शैलाताई. माझ्या नवऱ्याहून, ज्ञानेशहून, चांगल्याच मोठ्या, मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात. बारशाला पाळण्यात वाकून आभाच्या कानात कुर्रर्र करून नाव त्यांनीच सांगितलं, आणि त्याबद्दल जमलेल्या बायकांचे पाठीत बुक्के खाल्ले. दुसऱ्या लासलगावच्या संध्याताई. त्यांना आम्ही कुणी कधी पाहिलेलं नाही. यजमानांचा कांद्याचा व्यापार, त्यामुळे त्यांची प्रतिक्रिया ‘आज मार्केट बंद, म्हणून निवांत वाचलं’ अशी सुरू व्हायची. तिसरे गोविंदकाका, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले ज्ञानेशचे रिटायर झालेले साहेब. ते प्रत्येक लेखाखाली एकच लिहायचे: ‘सुंदर. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ आभाला जुलाब झाले होते त्या लेखाखालीसुद्धा.

मी एकदा नाचणीच्या सत्त्वाबद्दल लिहिलं. म्हणजे सत्त्वाबद्दल नव्हे. ते खाताना आभा भुवया कशा उडवते, त्याबद्दल. खाली शैलाताईंनी लिहिलं, ‘नाचणीला मोड आणलेस ना?’

संध्याताई म्हणाल्या, ‘मोड नको, गॅस होतो. भाजून घ्यावी.’

‘आमच्याकडे मोडच आणतात.’

‘तुमच्याकडचं पाणी वेगळं असेल.’

पाण्यावरून गाडी गुडघ्यांवर गेली, गुडघ्यांवरून तेलावर, तेलावरून संध्याताईंच्या लेकीवर. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. माझा लेख वर राहायचा, लग्नाच्या मांडवातल्या गणपतीसारखा. नमस्कार करायचा आणि पंगतीला बसायचं.

मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? आभा हातावर, आणि फोनमध्ये दोन बायका भांडतायत. घर भरल्यासारखं वाटायचं.

पण हळूहळू काय झालं, मी लिहायच्या आधीच उत्तरं द्यायला लागले. ‘आभाला वरण भरवलं’ एवढं लिहून भागेना. ‘हिंग घालून शिजवलेलं, गाळलेलं, कोमट वरण भरवलं.’ ‘आम्ही गच्चीवर गेलो’ नाही. ‘ऊन उतरल्यावर, टोपडं घालून, वारा नसताना गच्चीवर गेलो.’ माझंच लिहिणं मला औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं दिसायला लागलं.

आणि मग ती दुपार आली. आभा झोपली होती, मी वाकून तिच्या डोक्याचा वास घेतला आणि एक वाक्य आपोआप सुचलं: ‘आभाच्या टाळूला, उन्हातून नुकत्याच आत आणलेल्या गोधडीचा वास येतो.’

लिहिलं. आवडलं. माझं मलाच इतकं आवडलं की हसू आलं. आणि लगेच कानात आवाज सुरू झाले. टाळूवर तेल कुठलं घालतेस? पोरीला उन्हात नाही ना नेत? गोधडी साबणानं धुऊ नकोस, अंगाला खाजतं. आणि सगळ्यांच्या शेवटी, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी वाक्य पुसून टाकलं.

पुसलं आणि इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. दिवसातला एवढाच एक तास माझा, आणि त्यात मी गाळणी घेऊन बसले होते. तेही कुणाला भिऊन? तीन प्रेमळ माणसांना.

संध्याकाळी ज्ञानेशला सांगितलं. तो आभाला पोटावर बसवून विमान करत होता.

“बंद कर ना मग प्रतिक्रिया. बटण असेल कुठंतरी.”

“ताईंना काय सांगायचं?”

“सांगू, मेंटेनन्स चालू आहे.”

“किती दिवस?”

“मेंटेनन्सला तारीख नसते,” तो म्हणाला. वीज केंद्रातला माणूस. असल्या वाक्यांवर त्याचा हात बसलेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेटिंगमध्ये शिरून ते बटण शोधलं. अंगठ्यानं सरकवलं, हिरवं होतं ते करडं झालं. लेखाखाली एक बारीक ओळ उमटली: ‘या ठिकाणी प्रतिक्रिया बंद आहेत.’ बस, एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी मोठा आवाज होईल.

मग गोधडीचं वाक्य परत लिहिलं. त्याच्यामागून दुसरं आलं, तिसरं आलं. उतारावर सायकलचे पायडल सोडून द्यावेत तशी सुटले मी. आभाच्या तळव्यांबद्दल लिहिलं, ते अजून जमिनीला लागलेलेच नाहीत म्हणून किती मऊ आहेत ते. कुकरची शिट्टी झाली की ती दाराकडे बघते, कुणी आलं म्हणून, ते लिहिलं. हिंग नाही, टोपडं नाही. रोज दुपारी लिहिलं आणि रोज टाकलं. ताईंनी फोनवर विचारलं, तेव्हा ज्ञानेशनं मेंटेनन्सचं सांगून टाकलं. कधीकधी लेखाच्या तळाशी जाऊन ती रिकामी जागा बघून यायचे, एवढंच. थोडं चुकल्यासारखं वाटायचं. पण लिहिणं सोडवत नव्हतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. आभाला कडेवर घेऊन दार उघडलं, तर दारात शैलाताई. खांद्याला पर्स, हातात पिशवी, पिशवीतून क्वार्टरच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा भाल्यांसारख्या बाहेर आलेल्या.

“ताई! अहो, फोन नाही, काही नाही!”

“फोन कशाला? म्हटलं, मेंटेनन्स चालू असेल.”

ज्ञानेश टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर येत होता. ताईंना बघून तो तसाच आत गेला आणि कडी लावून घेतली.

“पाणी नको मला,” ताई सोफ्यावर बसत म्हणाल्या. “आधी सांग. बंदी माझ्या एकटीला आहे, का सगळ्यांना?”

“सगळ्यांना, ताई.”

“गोविंदरावांनासुद्धा? त्या बिचाऱ्यानं काय केलं? शुभेच्छाच तर देतो.”

“सगळ्यांनाच.”

“अगं, बारशाला बुक्के कुणी खाल्ले? त्या सटाण्याच्या मावशींनी तर जुना हिशोब चुकता केला माझ्यावर. आठवडाभर पाठ धरली होती. ज्या पोरीचं नाव मी ठेवलं, तिच्या नावाच्या ब्लॉगवर मीच बोलायचं नाही?”

बोलता बोलता त्यांनी आभाला माझ्याकडून घेतलंही होतं. आभा त्यांच्या मंगळसूत्राची वाटी चोखायला लागली. रागावलेल्या माणसाच्या मांडीवर बसून ती इतकी खूश होती की मला धीर आला.

“ताई, तुम्ही चुकीचं काहीच लिहीत नाही,” मी म्हटलं. “पण मी लिहायला बसले ना, की तुम्ही आधीच येऊन शेजारी बसलेल्या असता. मी एक शब्द लिहिला की तुम्ही विचारता, तेल कुठलं? मग माझं वाक्य राहतं आणि तेलच पुढं येतं.”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी मनमाडला असते, आणि इथंही बसलेली असते?”

“हो.”

“मग चहा तरी देत जा.”

मला हसू फुटलं. त्यांनाही. बाथरूमची कडी हळूच निघाली.

चहा झाला तरी ताई काही सैल होईनात. आभाचे पाय कुरवाळत म्हणाल्या, “तू लिही गं तुझं. मला काही सल्ला दिल्याशिवाय झोप येत नाही असं नाहीये. पण संध्याताईंच्या लेकीचे दिवस भरले होते. नेमकं तेव्हाच तू कुलूप लावलंस. सुटली का बाई, काय झालं, कशी आहे, कळायला काही मार्गच नाही. रोज तुझा लेख उघडते, खाली बघते. जीव नुसता टांगणीला लागलाय.”

मी कप तसाच धरून बसले. कुलूप लावताना दाराच्या आत कोण अडकलंय, हे मी बघितलंच नव्हतं.

“तुमच्याकडे त्यांचा नंबर नाही?”

“नंबर कसा मागायचा?” ताई जवळजवळ दचकल्या. “ओळख ना पाळख!”

“ताई, तुम्हाला त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव पाठ आहे!”

“ते वेगळं. ते बोलण्यात निघालं. नंबर मागणं म्हणजे...” त्यांनी हात हवेत हलवला. “उगाच गळ्यात पडल्यासारखं वाटतं.”

“एवढंच आहे तर लासलगावला जाऊन यायचं, मनमाडहून जवळ पडतं,” ज्ञानेश आतून कपडे घालून येत म्हणाला.

“आणि तिथं काय विचारू? कांद्याचा व्यापार करणाऱ्या संध्याताई कुठं राहतात? निम्मं गाव हात वर करेल. तू बोलू नकोस, मेंटेनन्स.”

तेवढ्यात मला सुचलं. फोन घेतला, ब्लॉग उघडला आणि नवा लेख सुरू केला. वर शीर्षक लिहिलं, ‘ओटा’. लेखाच्या जागी काहीच नाही. आणि फक्त त्या एका लेखापुरतं ते करडं बटण परत हिरवं केलं.

“हे बघा ताई. तुमच्या क्वार्टरपुढं ओटा आहे ना, तसा हा. इथं मी काही लिहिणार नाही. बसायचं, बोलायचं, भांडायचं. बाकी ठिकाणी जागा नाही.”

ताईंनी फोन लांब धरून बघितला. “पण वर काहीच नाही. गोविंदराव मग सुंदर कशाला म्हणणार?”

नवा लेख आला की वाचणाऱ्यांना आपोआप मेल जातो. आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो, दूध तापत ठेवल्यावर बसतात तसे. आणि पहिली प्रतिक्रिया आली.

‘सुंदर. पुढील वाटचालीस शुभेच्छा. — गोविंद’

ज्ञानेशनं उशी तोंडावर दाबून घेतली. ताई हसून हसून इतक्या हलायला लागल्या की आभाला वाटलं, झोका सुरू झाला. ती खिदळायला लागली. त्या गोंधळात फोन परत वाजला.

‘शैलाताई, आहात का? मुलगी झाली! दोघी सुखरूप. नाक आमच्या ह्यांच्यावर गेलंय, पण होईल सरळ. तुम्हाला कसं कळवावं, सुचत नव्हतं. हे म्हणाले, नंबर घ्यायला हवा होता. म्हटलं, ओळखपाळख नसताना कसा मागायचा?’

“बघ!” ताईंनी डोळे पुसत फोन माझ्यापुढं नाचवला. “याला म्हणतात रीतभात!” मग त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘अभिनंदन आजीबाई. नाकाला रोज तेलाचं बोट फिरवा.’ आणि लगेच उठून स्वयंपाकघरात साखरेचा डबा काढला. ज्ञानेशला भरवली, मला भरवली, चिमटीत धरून आभाकडे वळल्या.

“ताई, तिला साखर नको. वर्षाची होईपर्यंत...”

“एक कण गं!”

“ओट्यावर लिहा,” मी म्हटलं.

ताई थांबल्या. चिमटीतली साखर स्वतःच्याच तोंडात टाकली. “बरी आहेस,” म्हणाल्या. पण हसत होत्या.

जेवणात शेवग्याच्या शेंगांची आमटी झाली. दुपारी आभाचे डोळे मिटायला लागले तसं ताईंनी गादीवर अंग टाकलं आणि हात पसरला. “दे इकडे. आज माझ्या हातावर झोपू दे.”

झोपली. कुरकुरसुद्धा केली नाही. मी भिंतीला टेकून फोन घेतला आणि लक्षात आलं, आज मला दोन हात आहेत. दोन्ही अंगठ्यांनी लिहायची सवयच राहिली नव्हती. अक्षरं एकमेकांवर धडकत होती.

थोड्या वेळानं वर बघितलं. ताई मान वाकवून, डोळे मिटून आभाच्या टाळूचा वास घेत होत्या.

“ते गोधडीचं गाडीत परत वाचलं,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या दिवशी वाचलं तेव्हापासून काहीतरी लिहावंसं वाटत होतं. काय, ते कळेना. आणि खाली लिहायला जागाही नव्हती. मग म्हटलं, आपण जाऊन वासच घेऊन यावा.”



त्यांनी परत वास घेतला. “गोधडीचाच आहे. बरोब्बर लिहिलंस.”

पंखा फिरत होता. मी एक ओळ लिहिली, मग आणखी एक. शेजारी ताई होत्या, अगदी खऱ्याखुऱ्या, आणि तरी वाक्य अडत नव्हतं. मग त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“पण उन्हातून आणल्यावर झटकतेस ना गं गोधडी? मुंग्या असतात.”

मी फोनकडे बोट दाखवलं आणि ओठांनीच म्हटलं, ओट्यावर.

ताईंनी मोकळा हात तोंडावर दाबला, तरी हसू मावेना. आभानं भुवया उडवल्या, मूठ उघडली, आणि आम्ही दोघी श्वास धरून राहिलो.