टोपली परत खाली

अलेक्झांड्रियातल्या त्या गल्लीत औषधं दोरीला बांधलेल्या टोपलीतूनच वर यायची. नझलानं चौथ्या मजल्यावरून टोपली ओढली, डबी पाहिली आणि तिचं डोकंच सणकलं.

"अहो रमझीभाऊ, ही कुठली गोळी?"

"तुमची दुकानात संपलीय!" खालून औषधवाला ओरडला. "ही पण उदासीवरचीच. एकच ते!"

"एकच कसं? माझ्या हृदयाचे ठोके चुकतात. डॉक्टरांनी ईसीजी काढून ती गोळी निवडलीय. हिनं ठोके आणखी बिघडले तर कोण निस्तरणार, तुम्ही?"

आतून जाऊ फिसकारली, "हळू बोल गं! मनाच्या गोळ्या खातेस हे गल्लीभर होईल. त्यापेक्षा सोडूनच दे ना."

"का सोडू? त्या गोळीमुळे मी सकाळी अंथरुणातून उठते. ऐकू दे गल्लीला!" नझलानं टोपली दाणकन खाली सोडली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही! कुठूनही आणा, पण माझीच आणा!"

मग समोरच्या गॅलरीतून, एरवी नझलाला बघून नाक मुरडणाऱ्या म्हाताऱ्या तहियाबाईंनी हळूच विचारलं, "अरे रमझी, माझ्याही छातीत धडधडतं... उदासीवर मला कुठली देतोस रे तू?"