कॅसेटची दुसरी बाजू

वरच्यांनी फर्मान काढलं, जुनं सगळं जपा. पैसे कुठून आणायचे ते त्यात नव्हतं. असल्या फर्मानांत ते कधीच नसतं. मग सात गावांतल्या सात ग्रंथालयांनी सरकारी कचेऱ्यांतून भंगारात निघालेले संगणक उचलून आणले, एकमेकांना जोडले आणि ठरवलं, एकाचं ते सगळ्यांचं. प्रत्येक फाईलची प्रत सातही ठिकाणी. वर्षातून एकदा यंत्रं आपापसांत प्रती ताडून बघतील. एखाद्याची वेगळी निघाली, तर ती बिघडली असं समजून बाकीच्यांकडची प्रत तिच्यावर चढवतील.

"वेगळी निघालेली प्रत पुसण्याआधी थोडे दिवस बाजूला ठेवू या," ठोक्या म्हणाला होता. ठोक्या म्हणजे सातही यंत्रांचा वैद्य. बंद पडलेल्या यंत्राला आधी दोन बुक्के घालून बघायचा, म्हणून ठोक्या.

"बिघडलेल्याचं काय लोणचं घालायचंय?" सातांपैकी एका गावची ग्रंथपालबाई कडाडली होती. "डिस्कवर जागा तुझा काका देणार आहे का?"

सगळे हसले आणि नियम बाईच्या म्हणण्याप्रमाणे झाला. नवं काही घातलं तर ते सातही जणांना पाठवायचं, हाही नियम तिनंच लिहिला.

बाईची आई जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात राबली. तिथल्या आठवणी बाईनं घरीच, स्वयंपाकघरात, कॅसेटवर घेतल्या होत्या. ती बाजू सातही यंत्रांत गेली. आई गेल्यावर बाईला कळलं, दुसऱ्या बाजूलाही काही आहे. त्या दिवशी कॅसेट उलटून ती फोन घ्यायला बाहेर गेली होती, रेकॉर्डर चालूच राहिला होता आणि तेवढ्यात बाबा घरात आले होते. मग काय, आईनं त्यांना खिशांवरून धरलं. जगाचे खिसे तपासून हात झिजले, घरी तरी कागद काढून कपडे टाका की, अहो. तिथून जी गाडी सुटली ती टेप संपेपर्यंत.

आईचा हा तोंडाचा पट्टा सात गावांना कशाला ऐकवायचा? बाईला लाज वाटली. तिनं ती बाजू त्याच फाईलच्या शेवटी जोडली, पण फक्त आपल्या यंत्रात. कुणाला पाठवली नाही. कॅसेट जुनाट, कडक झालेली. उतरवून होताच प्लेअरनं ती चावून टाकली.

तेव्हापासून बाबा दर शनिवारी जेवण झालं की ग्रंथालयात येत. कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसत, हेडफोन घालत, पहिली बाजू पुढे ढकलत आणि थेट भांडणावर येत. कानात आईचा आवाज, त्यामुळे आपला किती चढतोय याचं भान नसे. "नव्हतं गं काही खिशात!" वाचणारे माना वर करत. बाई पुस्तकं लावायच्या निमित्तानं आत जाई.

एका शनिवारी बाबांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले. "आज बोलत नाहीये ती. बघ गं, कान गेले का माझे?"

बाईनं ऐकलं. धुलाईघराची वाफ, सोलवटलेले हात, "तर मग आम्ही..." आणि पुढे काही नाही. पहिली बाजू जिथं संपत होती, तिथंच फाईल संपली होती.

तिनं ठोक्याला फोन लावला.

"हो, ताई, परवा तुमच्याकडची एक फाईल बिघडलेली निघाली. सहा जणांकडे आखूड आणि तुमच्याकडेच लांब. यंत्रानं नीट करून टाकली."

"बिघडलेली नव्हती रे ती."

"मग पाठवली का नाहीत?"

तिनं माहीत असून विचारलं, "जुनी प्रत असेल का रे कुठे?"

मी तेव्हाच सांगत होतो, असं म्हणायची त्याला सोय होती. तो म्हणाला, "आपण ठेवत नाही ना, ताई."

बाबांना तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. "गेलं ते, बाबा. माझ्यामुळे गेलं. मला तिच्या बोलण्याची लाज वाटली."

"लाज?" बाबांनी तो शब्द जिभेवर घोळवून बघितला. मग बोटांवर मोजायला लागले. "ती खिशाचं काढायची. मी म्हणायचो, नव्हतं काही. मग ती..." बोट तिथंच अडलं. "मग ती काय म्हणायची गं?"

बाईनं ती बाजू एकदाच ऐकली होती. जोडताना, घाईत, आवाज बारीक करून.

"आठवत नाही, बाबा."

"मला सगळं माझंच आठवतंय," बाबा म्हणाले. "ती बोलायची तेव्हा मीही बोलत असायचो ना." त्यांनी हेडफोन पुन्हा घातले. "आहे तेवढं लाव."

तिनं पहिली बाजू सुरुवातीपासून लावली. बाबांनी ती कधीच पुरती ऐकली नव्हती. आज मान खाली घालून सगळी ऐकली. पडद्यावरची पट्टी टोकाला जाऊन थांबली, तेव्हा बाई हेडफोन काढायला पुढे झाली. बाबांनी हात वर करून तिला थोपवलं.

"नव्हतं गं काही खिशात," ते अगदी हळू म्हणाले आणि गप्प राहून वाट बघत बसले.