पाणी की वारा

मला पुस्तक मिळालं! विकत घेतलेलं नव्हे, वाचायला मिळालेलं. अख्खी कादंबरी माझ्या एकटीच्या आवाजात रेकॉर्ड व्हायची होती. म्हातारा मी, चोर मी, चोराची बायकोही मीच! आजवर माझा आवाज ऐकला तो फक्त फोनवर ताटकळलेल्या लोकांनी. "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा," असं म्हणणारी ती बाई मीच. लोक माझा आवाज ऐकतात आणि दातओठ खातात. कोणीतरी गोष्टीसाठी माझ्याकडे कान लावावेत, एवढीच माझी हौस होती.

पण अट अशी, की रेकॉर्डिंग घरूनच करायचं आणि मागे कसलीही घरघर ऐकू येता कामा नये. शुक्रवारी दुपारी निर्मात्या बाई इंटरनेटवरून थेट ऐकणार आणि ठरवणार. नापास झाले तर पुस्तक दुसरीच्या घशात. आणि माझा कॉम्प्युटर कसला, तर चालू केला की गिरणी! त्याचा जुना पंखा असा कोकलायचा की शेजारीण विचारायची, "आज मिक्सर फार वेळ चाललाय गं?"

"ताई, पाणी! डोळे झाकून पाणी घे!" धाकटा भाऊ म्हणाला. त्याला घरात सगळे बंब म्हणतात, कारण एकदा तापला की निवायचं नाव नाही. त्याने मला हातवारे करत समजावलं. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो तापतो. त्याच्या डोक्यावर छोटा पंप बसवायचा, नळ्यांमधून पाणी खेळवायचं, ते पाणी उष्णता उचलून कडेच्या जाळीत नेतं आणि तिथले पंखे ती बाहेर फेकतात.

"विजेच्या डब्यात पाणी?" बाबा वर्तमानपत्रामागून गरजले. "अक्कल गहाण टाकलीस का रे? नळी गळली म्हणजे? त्यापेक्षा धातूचा ठोकळा बसवा, त्याला पंखा लावा, वाऱ्याने थंड करा. साधा हिशेब आहे."

"बाबा, तुम्ही अजून टेबलफॅनच्या जमान्यात आहात!"

"आणि तू बादलीच्या!"

दोघांची अशी जुंपली की मी कोण, कशासाठी हे सगळं चाललंय, हेच दोघं विसरले. मला स्वतःला, खोटं कशाला बोलू, पाणीच आवडलं होतं. बंबाने दाखवलेल्या चित्रात त्याला रंगीत दिवे होते ना!

शेवटी मी दोघांनाही दुकानात ओढत नेलं. दुकानदाराला म्हटलं, "मला काही दाखवू नका, ऐकवा." त्याने शटर अर्धं ओढून रस्त्याचा गोंगाट कमी केला आणि दोन कॉम्प्युटर एकामागून एक चालू केले. मी डोळे मिटून कान लावला. पाण्यावाल्याचे पंखे कसे मवाळ, पण त्यांच्याखाली पंपाचा बारीकसा 'ऊंऽऽ' होता. डासाने एकच सूर धरून बसावं तसा. वाऱ्यावाल्याचा ठोकळा चांगला वीतभर उंच, त्यावरचे दोन मोठे पंखे आळसावल्यासारखे फिरत होते. नुसतं हुश्श, बाकी काही नाही.

"हे!" मी डोळे उघडले. "हुश्श माझ्या श्वासात खपून जाईल. तो ऊं मात्र प्रत्येक शब्दामागे गात बसेल."

"सगळेच पंप असे गुणगुणत नाहीत," दुकानदार म्हणाला. "दिवसभर मशीन राबवणाऱ्याला मी पाणीच देतो. तुमच्या कामाला मात्र वाराच बरा."

बंबाचं तोंड एवढंसं झालं आणि बाबा अशा ऐटीत चालायला लागले, जणू वारा त्यांनीच शोधला.

शुक्रवारी सकाळी बाप-लेकांनी मिळून तो ठोकळा बसवला. मी तोवर स्वयंपाकघरात आवाज तापवत होते. बटण दाबलं आणि काय सांगू, शांतता! मी बंबाच्या पाठीत धपाटा घातला, बाबांचे हात धरून गिरकी घेतली. पण पडद्यावरचा तापमानाचा आकडा काही थांबेना. साठ, ऐंशी, नव्वद! पंखे किंचाळायला लागले आणि पडदा फट्कन काळा झाला.

"म्हणून सांगत होतो, पाणी!" बंब ओरडला.

"तूच वाकडा बसवलास!" बाबा ओरडले.

"दोघंही गप्प बसा!" मी त्या दोघांवर ओरडले. पुस्तक हातचं जाणार म्हणून मीच पुढे सरसावले. स्क्रू काढले, ठोकळा उचलला, उलटा केला आणि बघतच राहिले. त्याच्या चकचकीत तळावर पारदर्शक प्लास्टिक जसंच्या तसं चिकटलेलं! वर ठसठशीत लिहिलेलं, 'बसवण्यापूर्वी काढा.'

दुसऱ्या कुठल्याही घरात ते दिसलं असतं. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कोणी काढत नाही. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावर कागद, सोफ्यावर पाहुणा टेकला की चर्र वाजतं. आमच्या डोळ्यांना प्लास्टिक दिसतच नाही, ती आमच्या घरच्या वस्तूंची कातडीच आहे!

"नवंकोरं राहील म्हटलं," बाबा पुटपुटले.

"बाबा, ते पंख्याखाली बघणार कोण होतं?"

बंब आधी फिस्सकन हसला, मग मी, मग बाबाही. मी ते प्लास्टिक टर्रकन ओढून काढलं. बंबाने प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचवणारी राखाडी पेस्ट पुसून नवी लावली, ठोकळा पुन्हा बसवला. या वेळी आकडा चाळिशीत आला आणि गुमान तिथेच बसला.

चाचणीला मी दोघांना बाहेर घालवून दार लावलं. बाईंनी निवडलेला उतारा वाचायला घेतला. चोर पहाटे घरी येतो, बायको खिडकीतूनच विचारते, "चोरी करून आलास ते ठीक, पण चपला कुठे विसरलास?" मी रंगात आले होते. चोराची ततपप चालू होती, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. मागे काहीतरी वाजतंय."

मी झटकन कॉम्प्युटरकडे बघितलं, तो बिचारा गप्प. कान दिला तर आवाज दाराकडून येत होता. मी दार उघडलं. बाबा उंबऱ्याला टेकून बसले होते, तोंडात रुमाल कोंबलेला, हसून हसून डोळ्यांतून धारा.

"बाबा!"

"ओरडतेस काय?" त्यांनी रुमाल काढला. "आधी सांग, बायको त्याला घरात घेते की नाही?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच मिठी मारली. हेडफोनमध्ये बाई हसत होत्या. "कॉम्प्युटर पास," त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांनी स्वतः निवडलेलं, शेवट त्यांना तोंडपाठ. तरी म्हणाल्या, "दार उघडंच राहू द्या. आज चाचणीच आहे. मलाही ऐकायचंय, वाचा पुढे."