दुसरी किल्ली

मेलेलं माणूस बोलत नाही असं म्हणणाऱ्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलापाशी एक दिवस काढावा. अचानक गेलेल्या माणसांचं शवविच्छेदन करता करता बाईंचे केस पिकले होते, आणि त्यांचं ठाम मत होतं की माणूस हयातीत जितक्या थापा मारतो तितकाच नंतर खरं बोलतो. "काय झालं हो काका?", "काय झालं गं बाळ?" असं विचारल्याशिवाय त्या हातमोजे चढवत नसत. मग कुणाच्या हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी सापडायची, कुणाच्या मेंदूत रक्त सांडलेलं असायचं, कुणाच्या पायातली गुठळी सरकत सरकत फुप्फुसात जाऊन बसलेली असायची. "जरा पित्त झालंय, पडतो" म्हणून आडवा झालेला माणूस उठला का नाही, ते घरच्यांना कळायचं. कळल्याने दुःख कमी होत नाही, पण ते एका जागी बसतं, घरभर हिंडत नाही.

दुपारी बाई खिडकीशी खुर्चीत डुलक्या काढायच्या. तेव्हा सकाळची माणसं समोर येऊन बसायची, बरी दिसणारी, धुतलेल्या कपड्यांतली. दोन गोष्टी बोलायची आणि जायची. बाईंना याची ना भीती वाटे ना नवल. इतकी ओळख झाल्यावर निरोप घ्यायला कुणी येणारच, असं त्या म्हणायच्या.

थोरली मात्र बोलली नाही.

ती गादीवाल्याची मोठी मुलगी. नोकरीसाठी परगावाहून इथे आली होती आणि एका खोलीत भाड्याने राहत होती. पहिल्याच आठवड्यात एके सकाळी तिच्या खोलीत घड्याळाचा गजर वाजून वाजून थांबला, तरी दार उघडेना, तेव्हा घरमालकिणीने कडी तोडायला लावली. पोरगी अंथरुणात होती, पांघरूणसुद्धा विस्कटलेलं नव्हतं.

बाईंनी सगळं पाहिलं. हृदय कसं, तर नवं कोरं. नळ्या स्वच्छ, मेंदू स्वच्छ, फुप्फुसं स्वच्छ. विषाची तपासणी झाली, तीही कोरी आली. चिरफाडीच्या खोलीतला म्हातारा मदतनीस, ज्याला सगळे मामा म्हणत, तो मान हलवून म्हणाला, "बाई, ही नुसती झोपलीय." बाई त्याच्यावर खेकसल्या, कारण त्यांनाही तेच वाटत होतं. दुपारी डुलकीत थोरली आली, खुर्चीत बसली आणि तिने फक्त ओठांवर बोट ठेवलं. ताकास तूर लागू दिली नाही.

तिचा बाप मुलीचं सामान न्यायला आला होता, तेव्हा दारातच उभा राहून म्हणाला होता, "डॉक्टरबाई, घरी धाकटी आहे. ती विचारते, ताई झोपेत गेली, मग मी झोपायचं कसं? डोळे फाडून बसून राहते हो. मी तिला काय सांगू?"

"कळवते," बाई म्हणाल्या होत्या. आणि आता कळवायला काही नव्हतं.

बाईंचा एक जुना नेम होता. उत्तर सापडलं तर अहवाल टपालाने जायचा. सापडलं नाही तर त्या स्वतः जायच्या. हात हलवत जायचं असेल तर निदान पायांनी तरी तसदी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठ हसायचे. हसोत बापडे. एके दिवशी, संध्याकाळ व्हायच्या जरा आधी, बाई बसमधून उतरल्या आणि पत्ता विचारत गादीवाल्याच्या दारी पोचल्या.

दाराला घंटी नव्हती. घंटीच्या जागी एक दोरी होती. बाईंनी ती ओढली, तर काहीच वाजलं नाही. दाराच्या फटीतून आत एक पांढरं फडकं तेवढं हललेलं दिसलं. गादीवाल्याने दार उघडलं, बाईंना ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अगदी थोरलीसारखं.

"आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा," तो कुजबुजला. "ताई गेल्यापासून पहिल्यांदा."

आतली मोठी खोली म्हणजे कारखाना आणि घर एकच. भिंतीपर्यंत पिंजलेला कापूस, अर्ध्या भरलेल्या उशा, शिवायच्या राहिलेल्या गाद्या. या घरात पाऊल टाकलं तरी ते स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. खिडकीतून तिरकं ऊन येत होतं आणि त्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत होते. बाईंना वाटलं, आपण अजून खुर्चीतच डुलकी काढतो आहोत. कापसाच्या ढिगावर धाकटी गाढ झोपली होती, अंगाचं मुटकुळं करून.

बाई बसल्या. कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून भलतंच विचारलं. "दाराला घंटी का नाही हो, भाऊ?"

"आमच्या घराण्यात नाही चालत." तो ओशाळून हसला. "आम्ही कुणाला आवाजाने उठवत नाही. तळव्यावरून हात फिरवतो, नाहीतर पडदा सारतो. शेजारी चिडवतात, जहागीरदारांची झोप म्हणून. पण आजीने घालून दिलेली शिस्त. तिची बहीण म्हणे झोपेत असताना कुणी थाळी आपटली म्हणून गेली. माझी आत्यापण तशीच, दचकून. आमच्यात जीवच हलके."

"आणि ही?" बाईंनी धाकटीकडे बोट केलं.

"ही शाळेत एकदा बाकावर डुलकी घेत होती. घंटा झाली आणि कोसळली. मग आली शुद्धीवर. पोरींना भूक लागली की होतं तसं."

आणि बाईंना उमगलं. इतकी वर्षं ज्या हृदयांना त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, त्यांतल्या काहींचा दोष आकारात नव्हताच. तो होता आतल्या विजेत, ठोक्यांच्या तालात. अशा माणसाच्या झोपेत खाडकन आवाज झाला की ताल चुकतो, आणि कधी कधी पुन्हा जुळत नाही. हृदय थांबलं की वीजही जाते, मग टेबलावर काय दिसणार, कपाळ? ती दिसते फक्त जिवंत माणसात, हृदयाच्या आलेखाच्या कागदावर. आणि हा दोष एकाच घरात वाटून आलेला असतो. थोरलीने ओठांवर बोट ठेवून सगळं सांगितलं होतं. समजलं नव्हतं ते बाईंना.

"थोरलीला गजराचं घड्याळ कुणी दिलं?"

गादीवाला खाली बघत राहिला. "मीच घेऊन दिलं. परक्या गावात तळव्याला हात लावायला कोण होतं? कामाला उशीर होऊ नये म्हणून. शिस्तीचं काय, म्हातारीचं खूळ, म्हटलं." त्याने धाकटीकडे मान केली. "तेच घेऊन झोपलीय. टिकटिक ऐकते. म्हणते, ताईसारखं वाटतं."

बाईंनी वळून पाहिलं. धाकटीच्या कानाशी, गालाला टेकून, ते घड्याळ होतं.

"इतक्या दिवसांत बंद पडलं असेल ना ते? किल्ली कुणी दिली?"

"दुपारी तिनेच, वेळही लावली. मागे दोन किल्ल्या आहेत. एक कशाची ते आम्हाला काही कळेना, म्हणून दोन्ही दिल्या."

ज्या घरात कधी गजरच वाजला नाही, त्या घराला दुसरी किल्ली गजराची असते हे कोण सांगणार? गजराचा बारका काटा सहावर होता, थोरलीने ठेवला होता तिथेच. घड्याळाला सकाळ-संध्याकाळ सारखीच. तासाचा काटा सहापाशी होता आणि मोठा काटा बाराला टेकत आला होता.

बाई उठल्या. घाईने नाही, कारण या घरात दचकणं म्हणजे काय ते आता त्यांना ठाऊक होतं. कापसात गुडघे रुतवत त्या गेल्या, मुलीच्या गालाखालून घड्याळ हळूच सरकवलं, आणि गजर बंद करायची मागची कळ शोधायला वेळ नव्हता म्हणून शेजारच्या अर्ध्या भरलेल्या उशीत खुपसलं. वरून कापूस दाबला, आणखी दाबला, मग उशी पोटाशी धरून ढिगाकडे पाठ करून बसल्या. उशी थरथरायला लागली. आत कुठेतरी खोल, माशी अडकल्यासारखा आवाज होत होता. बाईंच्या हातांना मेलेल्यांची सवय होती, जिवंत जीव त्यांनी असा कधी राखला नव्हता.

गादीवाला बघत होता. आधी त्याला काही उमजलं नाही. मग उमजलं. तो भिंतीला धरून खाली बसला आणि तोंडात पंचाचा बोळा कोंबून आवाज न करता रडला.

उद्या सकाळी धाकटीचा आलेख काढायचा होता, बापाचाही काढायचा होता, गोळ्या सुरू करायच्या होत्या. यावर औषध आहे, ही झोपू शकते, बिनघोर झोपू शकते, हे सांगायचं होतं. उत्तर होतं म्हणजे अहवाल टपालाने जायला हरकत नव्हती. बाईंना त्याचं हसू आलं आणि रडूही. उशी शांत झाल्यावर त्यांनी गादीवाल्याला खूण केली.

त्याने डोळे पुसले, पुढे सरकून मुलीच्या तळव्यावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. धाकटीने डोळे उघडले. अनोळखी बाई आणि बापाचे लाल डोळे बघून ती घाबरली.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही बाळा," तो म्हणाला. "सहा वाजले."