उत्तरेकडे पाठ

“बाबा, लगेच भोक पाडू नका. खाली काय येतंय ते एकदा बघून तरी घ्या!”

“चाळीस वर्षं लोकांच्या छपरांना भोकंच पाडतोय मी,” नोल्बेर्तो मान्सिया म्हणाला. “अजून एकाही घरात पावसाचा थेंब आलेला नाही. तू तुझे दोरखंड सांभाळ.”

जावई गास्तोन दोरखंडांकडे वळला. दुसरं करतो काय? सासरा होडीच्या डेकवर गुडघे टेकून बसलेला, तोंडात पेन्सिल, हातात ड्रिल मशीन. त्यातून आख्ख्या दाल्काउए गावात धुरांडं बसवावं तर मान्सिया मिस्त्रीनंच, असं सगळेच म्हणत. हा मिस्त्री कुणाच्या घरी गेला की आधी शेगडीकडे बघतसुद्धा नसे. अंगणात उभा राहून विचारायचा, “उत्तर कुठली?” इकडे पाऊस येतो उत्तरेकडून आणि तुफानही तिकडूनच. धुरांड्याच्या टोपीला एकाच बाजूला तोंड ठेवायचं आणि ते दक्षिणेला फिरवायचं. टोपीची उत्तरेकडे पाठ झाली, की तोच वारा आतला धूर ओढून नेतो. मग त्या घरातली बाई जन्मभर मिस्त्रीचं नाव काढते.

आजही त्यानं तेच केलं. होडी धक्क्याला बांधलेली होती. भोक पाडलं, नळी आतून वर काढली, टोपी बसवली. चर्चच्या मनोऱ्याकडे बघून उत्तर पक्की केली, टोपीचं तोंड दक्षिणेला फिरवलं आणि स्क्रू आवळला.

होडीचं नाव ‘पोर्फियादा’, म्हणजे हट्टी. नाव ठेवलं होतं गास्तोननं, पण गावात सगळे म्हणायचे की ते यास्नाला जास्त शोभतं. यास्ना ही नोल्बेर्तोची एकुलती एक मुलगी. तिला दक्षिणेकडच्या खाड्यांमधल्या एका वस्तीवर शिक्षिकेची जागा मिळाली होती. शाळेत मुलं चौदा. तिथं जायला रस्ता नाही आणि राहायला घर नाही. तेव्हा तिघांनी होडीतूनच जायचं आणि होडीतच राहायचं, असं नवराबायकोनं परस्पर ठरवून टाकलं. तिसरी म्हणजे रायेन, नोल्बेर्तोची नात, वय वर्षं शून्य, महिने सात.

हे ऐकलं तेव्हा नोल्बेर्तोनं जेवता जेवता चमचा खाली आपटला होता. शेजारीपाजारी बसले होते, पण त्याचं भान कुणाला! “हिवाळा तोंडावर आलाय आणि माझ्या नातीला त्या डब्यात गारठवून मारणार? मी हे होऊ देणार नाही!”

“मग शेगडी तुम्ही बसवून द्या,” यास्ना शांतपणे म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या हातची मला चालणारच नाही.”

आला तो हत्यारांची पेटी घेऊन. शेगडी डिझेलची होती. वरच्या टाकीतून थेंब थेंब डिझेल खालच्या लोखंडी भांड्यात उतरतं आणि तिथं जळत राहतं. त्याचा सगळा जन्म लाकडाच्या शेगड्यांत गेलेला. पण आग ती आग आणि धूर तो धूर, असं म्हणून त्यानं पेटवली. पेटली की! पंधरा मिनिटांत काचांवरचं दव आटलं. “मानलं बाबा तुम्हाला,” गास्तोन म्हणाला, तेव्हा म्हाताऱ्याला मनातून बरं वाटलं. घरी जाऊन जेवायला बसला तो ताट सारून उठला. आपणच आपल्या हातानं पोरीची वाट मोकळी करून दिली! बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आता हीही चालली.

रविवारी चाचणी म्हणून सगळे समोरच्या खाडीत गेले. नांगर टाकला. उत्तरेचा वारा बऱ्यापैकी होता. गास्तोननं खाली शेगडी पेटवली, यास्नानं रायेनला आत निजवलं. नोल्बेर्तो वरच कठडा धरून बसून राहिला. या माणसाला पाणी सोसत नाही. जन्म बेटावर गेला, पण एक रात्र कधी होडीत काढली नाही त्यानं.

दहा मिनिटं झाली असतील नसतील, आतून यास्ना ओरडली. दारातून काळा धूर आला आणि त्यामागून पोरीला छातीशी धरून ती बाहेर आली. रायेन खोकत होती. तिच्या नाकाखाली काजळी होती. गास्तोननं कशीबशी डिझेलची तोटी बंद केली आणि डोळे चोळत वर आला.

“वाटलंच होतं मला!” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतंत ना? होऊ देणार नाही म्हणून?”

“गास्तोन, पुरे!”

“पुरे काय, पुरे? धक्क्यावर कशी मस्त जळत होती? इथं येईपर्यंत बिघडायला काय झालं तिला? नळीत काय कोंबलंय विचार तुझ्या बापाला!”

यास्नानं पोरीचं नाक पुसलं. मग बापाकडे बघितलं. “बाबा, खरं सांगा. तुम्ही काही केलंत का?”

‘नाही’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. “मला माहीत नाही गं,” तो म्हणाला.

आता हे काय उत्तर झालं? पण खरं तेच होतं. गेला आठवडाभर त्यानं मनातल्या मनात शंभरदा मागितलं होतं की ही शेगडी पेटू नये. बिघडावी, फुटावी, होडीलाच भोक पडावं. मग हातांनी मनाचं ऐकलं की काय? कुठला सांधा सैल ठेवला, कुठली चकती उलटी बसवली? काही म्हणता काही आठवेना. त्याला स्वतःच्या हातांचीच भीती वाटायला लागली.

परत येऊन होडी धक्क्याला नेहमीच्या जागी बांधली. यास्ना पोरीला घेऊन गेली. नोल्बेर्तोनं एकट्यानं शेगडी पुन्हा पेटवली. आणि काय सांगावं, एवढासाही धूर नाही! ज्योत सरळ, नळी गरम, सगळं जागच्या जागी. दारातून गास्तोननं डोकावलं.

“वा! आता बरी पेटली,” एवढंच म्हणून तो निघून गेला.

सोमवारी नोल्बेर्तोनं शेगडी सगळी खोलली. नळी धुतली, भांडं खरवडलं, तोटी उघडून आतली जाळी दिव्यासमोर धरून पाहिली. दोष म्हणून सापडेना. पुन्हा जोडली, पुन्हा पेटवली, पुन्हा उत्तम. डोक्याचं पार भजं झालं त्याच्या. संध्याकाळी यास्ना येऊन सांगून गेली, “गुरुवारी निघायचंय. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मी शाळेला नाही म्हणून कळवते. पोरीला घेऊन धुरात राहणार नाही मी.” तिच्या आवाजात राग असता तरी चाललं असतं. तिचा आवाज नुसता दमलेला होता.

मंगळवारी सकाळी नोल्बेर्तो किनाऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसला. तिथं म्हातारा क्लोदोमिरो किटली घेऊन माते, म्हणजे इकडचा पाल्याचा कडू चहा, पीत बसलेला असतो. सगळी हयात त्यानं मासेमारीत काढली आणि आता उरलेली गावाच्या चौकश्यांत काढतो.

“काय मिस्त्री, शेगडीनं तोंडाला काळं फासलं म्हणे!”

“गप रे. झोप नाही मला दोन दिवस.”

“घे, माते घे. वारा बघ कसा फिरलाय. दक्षिण सुटलाय, आता दोन दिवस ऊन.”

नोल्बेर्तोनं भांडं हातात घेतलं आणि समोर बघत राहिला. पाण्यात दहाबारा होड्या नांगरावर होत्या. बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“क्लोदोमिरो, तुझ्या होडीचं तोंड काल डोंगराकडे होतं ना रे?”

“मग? काल उत्तर होता, आज दक्षिण आहे. नांगरावरची होडी वाऱ्याकडेच तोंड करणार. वय काय तुझं? हे शेंबड्या पोराला कळतं!”

नोल्बेर्तोनं माते तसंच परत दिलं. चौसष्ट वर्षं तो हे रोज बघत होता. रोज! पण घर फिरत नाही. त्याची सगळी धुरांडी घरांवर उभी होती आणि घरं जमिनीवर. धक्क्याला होडी दक्षिणेकडे नाक करून बांधलेली. त्यानं टोपीचं तोंड दक्षिणेला केलं, म्हणजे नाकाच्याच दिशेला. तिकडे खाडीत नांगर टाकला, होडी वाऱ्याला नाक देऊन उभी राहिली आणि टोपीनं उत्तरेचा सगळा वारा आ वासून गिळला. धूर आत नाही शिरणार तर काय!

त्याला हसू आलं. अरे, म्हणजे हात निर्दोष होते! मूर्खपणा झाला, पण पाप नव्हतं झालं. एवढा हलका तो कित्येक दिवसांत झाला नव्हता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हे अजून कुणालाच ठाऊक नाही. गास्तोनला सुचलेलं नाही. आपण फक्त तोंड मिटून बसायचं. फार नाही, दोन दिवस. यास्ना नाही म्हणून कळवेल, रायेन इथंच रांगायला लागेल, इथंच चालायला शिकेल. काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. क्लोदोमिरोची किटली रिकामी झाली तरी नोल्बेर्तो उठला नाही. पुन्हा सगळा गुंता. काल आपण केलं की नाही तेच कळत नव्हतं, पण आज गप्प बसलो तर केलं हे पक्कं कळणार. मरेपर्यंत कळत राहणार.

“शिव्या घालायच्या असतील तर आताच घाल,” होडीवर पाय ठेवता ठेवता तो गास्तोनला म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

गास्तोननं वर टोपीकडे बघितलं. “आणि मी?” तो म्हणाला. “पाच वर्षं ही होडी चालवतोय मी! मला वाटलं, मिस्त्रींना कळतं.”

“मला वाटलं, तुला कळतं.”

“बाबा, मी त्या दिवशी नको ते बोललो.”

“बोललास ते बोललास. स्क्रूड्रायव्हर दे इकडे.” त्यानं स्क्रू सैल केला, टोपीचं तोंड मागच्या बाजूला फिरवलं. “आता नांगरावर हिची वाऱ्याकडे कायम पाठ. धक्क्याला बांधलीस तर वारा बघून फिरवायची. इथं, हा स्क्रू. तू करून बघ. तिकडे काही मी नसेन.”

गास्तोननं करून बघितलं. एकदा, दोनदा. जमलं त्याला.

बुधवारी पुन्हा खाडीत नांगर पडला. शेगडी पेटली. यास्नानं रायेनला उचलून बापाच्या मांडीवर ठेवलं. “तुम्ही हिला घेऊन आत बसा. आम्ही दोघं छोट्या होडीनं किनाऱ्यावर जाऊन शिंपल्या काढून आणतो.”

“मी? एकटा? आणि धूर झाला तर?”

“होणार आहे का?”

नोल्बेर्तोनं शेगडीकडे बघितलं. “नाही.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि मागं वळूनसुद्धा न बघता गेली.

होडी डुलत होती, पण शेगडीची ज्योत जागची हलत नव्हती. अर्धा तास झाला, वर आणखी पाव तास. धुराचा वासही नाही. रायेननं त्याचा अंगठा धरून ठेवला होता. तिचे गाल लाल झाले होते, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमले होते. यास्नानं तिला टोपी घातली होती, वर जाड लोकरी स्वेटर, त्याच्या आत आणखी एक. नोल्बेर्तोनं टोपी काढली. पोरगी तरी चुळबुळतच होती. त्यानं स्वेटरचं पहिलं बटण काढलं, मग दुसरं. एवढीशी बटणं, त्याच्या बोटांत सापडेनात.

बाहेर वल्ह्यांचा आवाज आला. “बाबा!” यास्नानं लांबूनच हाक दिली. “थंडी नाही ना वाजत तिला?”

त्यानं नातीच्या ओठावरचा घाम बोटानं पुसला. मग दाराकडे तोंड करून, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “नाही गं. घाम आलाय तिला.”

आणि तो तिसरं बटण काढू लागला.